कवडशांसाठी दिवा एकच हवा

आरशांच्या गोळ्यावर कोणता प्रकाश टाकावा, हा साहित्याच्या प्राध्यापकाने चर्चेला घ्यावा असा विषय नव्हे, असे अनेकांना वाटेल. या प्रश्नाचे उत्तर मंडपवाल्याने द्यावे, फार तर भौतिकशास्त्र विभागातील एखाद्या सहकाऱ्याने द्यावे आणि आपण आपल्या कवितेकडे वळावे, ही श्रमविभागणी सोयीची आहे खरी. परंतु दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनांचा हंगाम येतो, सांस्कृतिक समितीवर मराठीच्या प्राध्यापकाची हमखास नेमणूक होते (सूत्रसंचालन आणि नाट्यवाचन ही आपली परंपरागत वतने!), आणि प्रकाशयोजनेच्या दरपत्रकावर सही करण्याची वेळ त्याच्यावरच येते. ज्या कागदावर आपण सही करतो त्यात काय लिहिले आहे ते आपल्याला कळावे, एवढी अपेक्षा गैर नसावी.

हे दरपत्रक साधारणपणे कसे असते ते आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. इतके पार, तितक्या शार्पी, काही मूव्हिंग हेड, एक-दोन लेझर, एक स्ट्रोब, धुराचे यंत्र. आणि अगदी शेवटी, जणू दुकानदाराने पुडीत टाकलेली वरकड सुपारी असावी तसा, 'मिरर बॉल : १'. कार्यक्रमाच्या दिवशी हा गोळा मंचाच्या मधोमध टांगलेला असतो. त्याच्यावर चारी बाजूंनी लाल, हिरवे, निळे, जांभळे झोत येत असतात, झोत स्वतःही फिरत असतात, गोळाही फिरत असतो, आणि सभागृहातील ट्यूबलाइट निम्म्या सुरू असतात. या साऱ्या धुमश्चक्रीत गोळ्याने नेमके काय केले, असे कार्यक्रमानंतर कोणाला विचारले, तर उत्तर मिळत नाही. कारण त्याने काहीच केलेले नसते. त्याला काही करूच दिलेले नसते.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. आरशांच्या गोळ्याला एक दिवा लागतो. तो पांढरा असावा, अरुंद झोताचा असावा, जागचा हलणारा नसावा. आणि भोवती अंधार असावा. हा माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. त्या वस्तूचा स्वभावच तसा आहे. यापलीकडे आज जे काही टांगले जाते ते गोळ्याच्या विरोधात जाते, आणि त्यातील काही प्रेक्षकांच्या डोळ्यांच्याही विरोधात जाते. हे दुसरे विधान मी अलंकारिक अर्थाने केलेले नाही. त्याचा खुलासा पुढे येईलच.

प्रथम गोळ्याचा स्वभाव पाहू. आपल्या भाषेत यासाठी एक सुंदर शब्द आहे : कवडसा. कौलाच्या फटीतून आलेला, झाडाच्या पानांतून गळलेला, किंवा पोराने आरशाच्या तुकड्याने समोरच्या भिंतीवर नाचवलेला उजेडाचा ठिपका म्हणजे कवडसा. आरशांचा गोळा हे कवडसे पाडण्याचे यंत्र आहे. तो स्वतः चमकण्यासाठी टांगलेला नसतो. गोळा पाहायचाच नसतो. पाहायच्या असतात त्या भिंती, छत, जमीन आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या खांद्यावरून सरकत जाणारा ठिपका.

आता कवडसा कसा तयार होतो ते पाहिले पाहिजे. आंब्याच्या झाडाखाली दुपारी पडणारे कवडसे गोल असतात, पण पानांमधील फटी गोल नसतात; त्या वेड्यावाकड्या असतात. मग गोलाई येते कोठून? ती सूर्याची असते. झाडाखालचा प्रत्येक कवडसा ही सूर्याची एक लहानशी प्रतिमा असते. २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले, तेव्हा ज्यांनी वर न पाहता झाडाखाली पाहिले त्यांना हेच कवडसे कोरीच्या आकाराचे झालेले दिसले. फटी त्याच होत्या. बदलला होता दिवा.

गोळ्यावरील आरशाचा तुकडाही असाच वागतो. तो चौकोनी असतो, पण दूरच्या भिंतीवर त्याचा ठिपका चौकोनी पडत नाही. दिव्याच्या आकाराकडे झुकतो. भिंतीवर जे उमटते ते दिव्याचे चित्र असते, आणि म्हणून दिवा निवडणे म्हणजे भिंतीवर कोणते चित्र हवे ते निवडणे होय. हिशेबही सोपा आहे. तुकडा एक सेंटीमीटरचा, दिवा गोळ्यापासून चार मीटरवर, भिंत गोळ्यापासून आठ मीटरवर, असे समजा. दिव्याचे तोंड दोन सेंटीमीटर रुंद असेल तर भिंतीवरील ठिपका सुमारे सात सेंटीमीटरचा पडेल. तेच तोंड वीस सेंटीमीटरचे असेल तर ठिपका त्रेचाळीस सेंटीमीटरपर्यंत फुगेल आणि तितकाच फिकटेल. शेकडो फिकट, फुगलेले ठिपके एकमेकांवर चढले की कवडसे उरत नाहीत. भिंत फक्त पुसट उजळते. ज्या चपट्या पार दिव्यांच्या तोंडावर लाल, हिरव्या, निळ्या एलईडींची दाटी असते, त्यांच्या बाबतीत तर प्रत्येक आरसा ही सगळी दाटीच भिंतीवर नेऊन सांडतो. दिवा लहान तोंडाचा असावा आणि शक्य तेवढा दूर असावा, हा पहिला नियम येथून निघतो.

दुसरा नियम झोताच्या रुंदीचा. तीस सेंटीमीटर व्यासाचा गोळा चार मीटर अंतरावरून पाहिला तर तो साडेचार अंशांहूनही थोडा कमी कोन व्यापतो. पाच अंशांच्या झोताचा दिवा या अंतरावर पस्तीस सेंटीमीटरचे वर्तुळ पाडतो. म्हणजे त्याच्या प्रकाशाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग गोळ्यावर पडतो. पंचवीस अंशांचा झोत त्याच जागी पावणेदोन मीटरहून अधिक व्यासाचे वर्तुळ पाडतो, आणि त्यातील तीन टक्क्यांहूनही कमी प्रकाश गोळ्याच्या वाट्याला येतो. उरलेले सत्त्याण्णव टक्के मागच्या भिंतीवर जाऊन आदळतात आणि ज्या अंधारावर कवडसे उमटायचे तोच अंधार पुसून टाकतात. सारख्याच जातीचे दोन दिवे घेतले, तर पाच अंशांचा दहा वॅटचा दिवा गोळ्यावर जेवढा प्रकाश पाठवतो त्याच्या निम्माही प्रकाश पंचवीस अंशांचा शंभर वॅटचा दिवा पाठवत नाही. 'मोठा दिवा लावा' म्हणणाऱ्या प्रत्येक समिती-सदस्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

या कामासाठी नेमका दिवा फार पूर्वीच तयार झाला होता. पिनस्पॉट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहानशा डब्यात पार ३६ आकाराचा, सहा व्होल्टचा, तीस वॅटचा, सुमारे पाच अंशांच्या झोताचा दिवा बसवलेला असे. तीस वॅट! आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातील पिवळा बल्बही याहून मोठा होता. आज तेच काम पाच-दहा वॅटचा एलईडी पिनस्पॉट करतो. सभागृह मोठे असेल तर नाट्यगृहातील प्रोफाइल स्पॉट घ्यावा, त्याची पाती किंवा आयरिस आवळून झोत गोळ्यापुरता करावा आणि मोकळे व्हावे. काही नाट्यगृहांत हा दिवा आधीपासूनच लावलेला असतो.

तिसरा मुद्दा संख्येचा. एकाच बाजूने दिवा टाकला तर दुसऱ्या बाजूला अंधार राहील, म्हणून चारी बाजूंनी दिवे हवेत, असे मंडपवाले सांगतात आणि आपण मान डोलावतो. भूमिती मात्र वेगळे सांगते. दुरून येणारा प्रकाश आरशाच्या गोलावर पडला तर तो सर्व दिशांना जवळजवळ सारख्याच प्रमाणात विखुरला जातो. पुढे, बाजूला, वर, खाली, आणि गोलाच्या कडेने घसरत मागेही. अंधार राहतो तो फक्त गोळ्याच्या थेट सावलीत. ती सावली खटकत असेल तर समोरून दुसरा दिवा लावावा. दोन झाले, यापुढे तिसऱ्याचे समर्थन मला तरी सापडलेले नाही.

चौथा मुद्दा गतीचा. आरसा जेवढ्या कोनातून वळतो त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण वळतो. गोळा मिनिटाला एक फेरी घेत असेल तर तो सेकंदाला सहा अंश वळतो आणि कवडसा बारा अंश. सहा मीटरवरच्या भिंतीवर हा वेग सेकंदाला सव्वा मीटर भरतो. शांतपणे चालणाऱ्या माणसाचा वेग. पाहणाऱ्याची नजर एखाद्या ठिपक्यामागून सहज चालू शकते, यातच या खेळाचे सुख आहे. फेऱ्या तिप्पट केल्या की ठिपके पळू लागतात आणि नजर त्यांचा नाद सोडते. त्यात दिवाही फिरता ठेवला, तर दोन गती एकमेकींना छेदतात आणि पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. गोळा फिरतो म्हणूनच दिव्याने स्थिर राहायचे असते. तबल्याचा ठेका धरून ठेवला जातो तेव्हाच गवई मोकळा होतो, ही गोष्ट संगीताच्या कार्यक्रमात ज्यांना न सांगता कळते, त्यांना ती प्रकाशाच्या बाबतीत का कळू नये?

रंगाविषयी मी आग्रही नाही, पण एवढे सांगितले पाहिजे की गडद निळा किंवा गडद लाल फिल्टर दिव्यापुढे लावणे म्हणजे त्याचा बहुतांश प्रकाश फिल्टरलाच खाऊ घालणे. शेकडो तुकड्यांत वाटला जाणारा प्रकाश मुळातच तुटपुंजा असतो. त्याला हा खर्च परवडत नाही. पांढरा कवडसा ज्या वस्तूवर पडतो त्या वस्तूचा रंग दाखवतो. हिरव्या साडीवर तो हिरवा होतो, विटकरी भिंतीवर विटकरी. रंगीत कवडसा सगळ्यांना एकाच रंगात बुडवतो. रंग हवाच असेल तर दोन दिव्यांपैकी एकाला फिकट अंबर लावावे, आणि थांबावे.

हे सारे नवे नाही. लुई वोस्टे नावाच्या केंटकी राज्यातील गृहस्थाला अशा गोळ्याचे अमेरिकी पेटंट १९१७ साली मिळाले; म्हणजे डिस्को हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी. आपल्याकडे तो घरोघरी ओळखीचा झाला तो हिंदी चित्रपटांमुळे. १९८० चा 'कर्ज', त्याच वर्षीचा 'कुर्बानी', १९८२ चा 'डिस्को डान्सर' यांच्या लाटेबरोबर डिस्कोचा सारा सरंजाम ऑर्केस्ट्रांच्या मंचावर आणि तेथून आपल्या संमेलनांत आला. आणि याच कारणामुळे, मला वाटते, सुशिक्षित मराठी माणसाने या गोळ्याला कधी गंभीरपणे घेतले नाही. 'बाजारू' हा शिक्का एकदा मारला की वस्तू समजून घेण्याची जबाबदारी संपते. मग ती मंडपवाल्याच्या हवाली करता येते, आणि त्याने ती बिघडवली की 'पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?' असे म्हणण्याचे समाधानही मिळते.

परंतु आरसा आणि एकाच दिव्याचे नाते बाजारू नाही. आपल्याकडे ते जुने आणि प्रतिष्ठित आहे. आमेरच्या किल्ल्यातील आरसेमहालात भिंतींवर आणि छतावर बहिर्वक्र काचेचे तुकडे जडवलेले आहेत, आणि तेथे काळोख करून एक ज्योत धरली की छतभर चांदण्या उगवतात. त्या कारागिरांनी पन्नास मशालींची सोय केली नव्हती. 'मुगल-ए-आझम'च्या (१९६०) आरसेमहालात छायाचित्रणकार आर. डी. माथूर यांच्यापुढची मोठी अडचण स्टुडिओतील दिव्यांच्या विपुलतेचीच होती. प्रत्येक आरसा प्रत्येक दिवा कॅमेऱ्याकडे परत फेकत होता. त्याच्या एक वर्ष आधी, 'कागज के फूल'मध्ये (१९५९), व्ही. के. मूर्ती यांनी काय केले ते तर चित्रपटप्रेमी आजही सांगतात. एक मोठा आरसा बाहेर उन्हात, दुसरा आत उंचावर. आणि रिकाम्या स्टुडिओत तिरकस उतरलेला उन्हाचा एकच झोत. तो झोत दिसतो तो भोवतीच्या अंधारामुळे. मूर्तींना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. दरपत्रकात त्यांचा हा दृश्यप्रसंग कसा लिहिला गेला असता? 'आरसे : २, दिवे : ०.' आमच्या समितीने तो 'अपुरा' म्हणून परत पाठवला असता.

रंगभूमीच्या अभ्यासकांना तापस सेन यांचे उदाहरण आठवेल. उत्पल दत्त यांच्या 'अंगार' या नाटकात, १९५९ च्या अखेरीस, त्यांनी पाण्याने भरत जाणारी कोळशाची खाण केवळ प्रकाशातून उभी केली. मंचावर पाण्याचा थेंब नव्हता. त्या काळची साधने पाहता आजच्या कोणत्याही मध्यम महाविद्यालयाकडे त्याहून अधिक दिवे असतील. आपल्याकडे कमी आहे ते दुसरेच काहीतरी.

ते काय, हे सांगण्यासाठी मला माझ्या विषयाकडे वळण्याची मुभा असावी. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात 'औचित्यविचारचर्चा' लिहिली. तिचा गाभा विद्यार्थ्यांना आपण दरवर्षी समजावतो : अलंकार योग्य जागी असेल तरच अलंकार; कमरेचा दागिना गळ्यात घातला तर दागिन्याची किंमत कमी होत नाही, घालणाऱ्याचे हसे होते. हे आपण वर्गात शिकवतो, त्यावर प्रश्न काढतो, उत्तरपत्रिका तपासतो. आणि संध्याकाळी सभागृहात येऊन आरशांच्या गोळ्यावर आठ शार्पी टाकायला परवानगी देतो. काव्यशास्त्र वर्गापुरते आणि दिवे मंडपवाल्यापुरते, अशी ही सोयीची फाळणी आहे. किंबहुना, एकाच कवितेवर एका तासात रूपवाद, मार्क्सवाद, मानसशास्त्र आणि वाचककेंद्री समीक्षा असे चारी बाजूंनी झोत सोडणारे व्याख्यान आणि आपले स्नेहसंमेलन यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्ही ठिकाणी दिवे लक्षात राहतात.

असो. आता डोळ्यांविषयी. लेझर ही गोष्ट इतर दिव्यांच्या यादीत बसणारी नाही, आणि ती तशी बसवली जाते हा निव्वळ अडाणीपणा आहे. साधा दिवा तीस सेंटीमीटरच्या गोळ्यावर पडतो तेव्हा त्याचा प्रकाश गोळ्याच्या दर्शनी वर्तुळावर, म्हणजे सुमारे सातशे चौरस सेंटीमीटरांवर वाटला जातो. एक चौरस सेंटीमीटरच्या तुकड्याला त्यातील फार तर सातशेवा भाग मिळतो, आणि तोही भिंतीकडे जाताना पसरत जातो. म्हणूनच कवडसा डोळ्यांवरून सरकला तरी आपण फक्त पापणी लववतो. लेझरचा झोत काही मिलिमीटर जाडीचा असतो. तो एकाच तुकड्यावर पडतो, त्याची वाटणी होत नाही, आणि तो फारसा पसरत नाही. तुकड्यावर तो जेवढा पडला, जवळजवळ तेवढाच अखंड, पुढे जातो. कोणत्या दिशेने, ते फिरत्या गोळ्याने ठरवायचे. बाल्कनीतल्या मुलीच्या डोळ्यांत गेला तर डोळ्याचे भिंग तो दृष्टिपटलावर एका सूक्ष्म बिंदूत एकवटते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. म्हणून त्या क्षणी काही झाल्याचेही कळत नाही. नजरेच्या मध्यभागी डाग पडल्याचे कळते ते नंतर.

ही काल्पनिक भीती नव्हे. २०२३ च्या गणेश विसर्जन मिरवणुकांनंतर नाशिकमधील नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण आल्याच्या बातम्या आपण वाचल्या. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी लेझर बीमच्या वापरावर बंदीचा आदेश काढला. रस्त्यावर जे पोलिसांना थांबवावे लागले ते बंद सभागृहात, आरशांच्या गोळ्याच्या सोबतीने, आपण आपल्या सहीने चालू ठेवावे काय? या एका मुद्द्यावर मी कोणतीही तडजोड मानत नाही. आरशांचा गोळा टांगायचा असेल तर त्या सभागृहात लेझर असता कामा नये. लेझर येणार असेल तर गोळा उतरवावा, आणि प्रेक्षकांकडे रोखलेला लेझर तर गोळा असो वा नसो, येऊच देऊ नये.

आता आक्षेपांकडे.

'हौसेला मोल नाही. मुलांना लखलखाट आवडतो, तुम्ही त्यांच्या आनंदात मोडता का घालता?' हा पहिला आक्षेप. मुलांना काय आवडते हे ठरवण्यापूर्वी त्यांना निवड दिली पाहिजे. ज्यांनी अंधारात एका दिव्याखाली फिरणारा गोळा कधी पाहिलाच नाही, त्यांच्या आवडीचा दाखला देणे म्हणजे ज्याला आयुष्यभर तिखटजाळ रस्साच वाढला त्याला साधे वरण आवडत नाही असे जाहीर करणे होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो महिला सहकाऱ्यांनी केला आहे : मुलामुलींनी भरलेल्या सभागृहात अंधार करणे सुरक्षित आहे का? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. गर्दीत अंधाराचा फायदा घेणारे असतात, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. माझे उत्तर असे की, येथे हवा असलेला अंधार मिट्ट काळोख नव्हे. बाहेर पडण्याच्या दारांवरील दिवे आणि पायऱ्यांलगतचे मंद दिवे चालूच राहिले पाहिजेत; ते खाली असतात, कवडसे भिंतींवर आणि छतावर असतात, दोघांचे भांडण नाही. स्वयंसेवक प्रत्येक रांगेच्या टोकाला असावेत. आणि हा प्रयोग एका गाण्यापुरता, तीन-चार मिनिटांचा असावा. शिवाय डोळे दिपवणाऱ्या झोतांच्या मारात, धुरात आणि स्ट्रोबच्या उघडझापीत शेजारी काय चालले आहे ते अधिक स्पष्ट दिसते, असा कोणाचा समज असेल तर तो तपासून पाहावा. दिपलेल्या डोळ्यांना मंद उजेडाहूनही कमी दिसते. त्यातून एखाद्या विद्यार्थ्याला अपस्माराचा त्रास असेल तर स्ट्रोबच्या लुकलुकीने झटका येऊ शकतो, ही गोष्ट तर सुरक्षिततेची चर्चा करताना कोणी उच्चारतही नाही.

तिसरा आक्षेप मंडपवाल्याचा, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो : 'सर, एक दिवा लावला तर बिल कशाचे करू?' त्याचे बरोबर आहे. आपण त्याला नगांवर पैसे देतो, कौशल्यावर देत नाही. तो नग वाढवणार नाही तर काय करणार? दिवा कोठे ठेवायचा, किती अंतरावर, गोळ्याची दोरी किती लांब, पहिल्या रांगेच्या डोळ्यांत मूळ झोत जाऊ नये म्हणून तो कोणत्या उंचीवरून टाकायचा, या विचाराला आपल्या दरपत्रकात रकानाच नाही. जोवर तो रकाना नाही, तोवर प्रकाशयोजनाकार घडणार नाही. दिव्यांचे भाडे वसूल करणाराच घडेल. हा दोष त्याचा नाही, सही करणाऱ्यांचा आहे.

आणि शेवटचा आक्षेप : या साऱ्याऐवजी आता आतूनच रंगीत प्रकाश फेकणारे प्लॅस्टिकचे गोळे स्वस्तात मिळतात, पिनस्पॉट, दोरी, अंतर ही कटकट कशाला? कारण त्या गोळ्यात आरसा नसतो. त्याच्या भिंगांतून थोडके, जाड, रंगीत पट्टे बाहेर पडतात आणि गर्रकन फिरतात. घरच्या वाढदिवसाला त्याने काम भागत असेल तर माझी हरकत नाही. परंतु त्याला आरशांच्या गोळ्याच्या जागी टांगून दोन्ही एकच म्हणणे, हे पेटीवरच्या कळ दाबून वाजणाऱ्या तालाला तबला म्हणण्यासारखे आहे.

तेव्हा, येत्या संमेलनाचे दरपत्रक ज्यांच्या टेबलावर येणार आहे त्यांना माझी सूचना अशी. त्यातील लेझर आणि स्ट्रोब या ओळींवर काट मारावी. 'मिरर बॉल : १' ही ओळ शेवटून उचलून वर घ्यावी आणि तिच्यापुढे लिहावे : 'पिनस्पॉट : १, पाच अंश, पांढरा, स्थिर, मोटर मिनिटाला एक फेरी.' खाली एक नवी ओळ घालावी : 'दिवा बसवण्याचे व पारखण्याचे मानधन', आणि तिच्यापुढचा आकडा कंजूषपणा न करता भरावा. मग कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी विद्यार्थ्यांना घेऊन सभागृहात जावे, सगळे दिवे मालवायला सांगावे, तो एक दिवा लावावा आणि दोन मिनिटे कोणी काही बोलू नये. त्यानंतरही विद्यार्थ्यांनी शार्पीच मागितल्या, तर त्या लेखी मागणीवर मी स्वतः सही करीन.